घरबसल्या कॉलेजचा कोर्स: व्यवसाय, लेखन आणि प्रोग्रॅमिंग ऑनलाइन शिकायचं तर कसं शिकावं

ऑनलाइन कोर्सची चौकशी करणारा माणूस सहसा दोन गोष्टी विचारतो: फी किती, आणि सर्टिफिकेट नोकरीत चालतं का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं पुढे येतीलच. पण माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा. या कोर्समध्ये माझी चूक मला कोण दाखवणार?

वर्गात हे काम न सांगता होत असतं. फळ्यावर गणित सोडवताना सर मध्येच थांबवतात, वहीत लाल शाई उमटते, बाकावरचा मित्र म्हणतो, "अरे, इथे चुकलंस." घरी व्हिडिओ पाहताना यातलं काहीही नसतं. शिकवणारा चांगला असेल तर सगळं समजल्यासारखं वाटत राहतं आणि चार आठवड्यांनी कोरा कागद पुढे आला की हात चालत नाही.

म्हणून हे तीन विषय ऑनलाइन शिकताना तीन तऱ्हांनी वागतात. प्रोग्रॅमिंगमध्ये संगणकच चूक दाखवतो. एक कंस राहिला तरी प्रोग्रॅम चालत नाही. हिशेबात दोन बाजूंच्या बेरजा जुळत नाहीत, तेव्हा कुठेतरी गडबड आहे हे कळतं. लेखनात मात्र कुणीच हटकत नाही. वाईट लिहिलेला ईमेलही चांगल्या ईमेलइतक्याच सहज जातो. हा फरक मनात ठेवून पुढच्या पायऱ्या वाचा.

१. पदवी हवी, क्रेडिट हवं की काम यायला हवं?

हे आधी कागदावर लिहून काढा. (क्रेडिट म्हणजे एखादा विषय पुरा केल्यावर मिळणारे, पदवीसाठी मोजले जाणारे एकक.) एमपीएससी द्यायची आहे, बँकेत बढतीसाठी पदवी लागते, अर्धवट राहिलेलं बी.कॉम. पुरं करायचंय, असं असेल तर तुम्हाला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवीच लागेल. कितीही नावाजलेल्या संस्थेचं आठ आठवड्यांचं प्रमाणपत्र तिथे उपयोगी पडणार नाही.

तुम्ही आत्ता कॉलेजात शिकत असाल तर गोष्ट निराळी. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या एकूण विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंतचे विषय 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरून करून त्यांची क्रेडिट आपल्या पदवीत धरता येतात. मात्र कोणते कोर्स धरायचे हे तुमचं विद्यापीठ आणि कॉलेज ठरवतं. कोर्स संपल्यावर विचारायला गेलात तर उशीर झालेला असतो. नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांना भेटा आणि होकार लेखी घ्या.

आणखी एक तरतूद पुष्कळांना ठाऊक नसते. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची मुभा दिली आहे. एक कॉलेजात जाऊन आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन, असं चालतं. दिवसा बी.ए. करणारी मुलगी दुसऱ्या बाजूने संगणकाची पदवी सुरू करू शकते.

स्वतःचं दुकान आहे, पतसंस्थेत नोकरी आहे, कंपनीतला इंग्रजी पत्रव्यवहार अंगावर पडलाय, अशांना पदवीचा खटाटोप करायची गरज नाही. त्यांच्यासाठी फुकटचे किंवा नाममात्र फीचे कोर्स पुरेसे आहेत, आणि बरेचसे खरोखर उत्तम आहेत.

२. मोठी फी भरण्याआधी एक फुकटचा कोर्स परीक्षेपर्यंत न्या

ही पायरी कुणीही गाळू नये असं मला कळकळीनं वाटतं. दोन-तीन वर्षांच्या ऑनलाइन पदवीसाठी पैसे भरण्याआधी आठ किंवा बारा आठवड्यांचा एक कोर्स पूर्ण करून बघा. व्हिडिओ संपवले म्हणजे कोर्स पूर्ण झाला असं नाही. स्वाध्याय सोडवून, केंद्रावर जाऊन परीक्षा दिली म्हणजे झाला. तेवढं जमलं तर पदवीही झेपेल. नाही जमलं तर हजार रुपयांत कळलं, लाखात नाही.

यासाठी केंद्र सरकारचं 'स्वयम्' हे व्यासपीठ आहे. ते जुलै २०१७ मध्ये सुरू झालं. त्यावरचे अभियांत्रिकी, संगणक आणि विज्ञानाचे बरेच कोर्स 'एनपीटीईएल'चे असतात. आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं मिळून २००३ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. व्यवस्थापनाच्या कोर्सची जबाबदारी आयआयएम बंगळुरूकडे आहे. शिकण्याचे पैसे नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची, आणि एनपीटीईएलची फी गेली काही वर्षं एका कोर्सला १००० रुपये आहे.

वर्षात दोन सत्रं असतात, जानेवारीचं आणि जुलैचं. कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. त्यांना अनुक्रमे १, २ आणि ३ क्रेडिट मिळतात. एनपीटीईएलची गुणांची पद्धत समजून घ्या, कारण इथेच लोक फसतात. आठवड्याच्या स्वाध्यायांना २५ गुण, अंतिम परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३०, असे दोन्हीकडे वेगवेगळे मिळवावे लागतात. परीक्षेत ७० पडले पण स्वाध्याय भरलेच नाहीत, तर प्रमाणपत्र नाही. दिलासा एवढा की बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम आठ स्वाध्यायच धरतात. घरात लग्न निघालं, आजारपण आलं, तरी चार आठवडे माफ आहेत. पण हे चार राखून ठेवा, पहिल्याच महिन्यात उधळू नका.

आणखी एक ठेच. कोर्सला नाव नोंदवणं आणि परीक्षेला नाव नोंदवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेचा अर्ज मधल्या काळात वेगळा उघडतो, फी तेव्हाच भरायची आणि केंद्राचं शहरही तेव्हाच निवडायचं. या तारखेचा ईमेल येतो. म्हणून रोज उघडता तोच ईमेल पत्ता द्या, सायबर कॅफेवाल्यानं तेव्हापुरता काढून दिलेला नको.

३. पदवीच घ्यायची तर मान्यता स्वतः बघा

जाहिरातीतलं 'यूजीसी अप्रूव्ड' हे वाक्य पुरावा म्हणून धरू नका. यूजीसीचा दूरशिक्षण ब्यूरो आपल्या संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला कोणता अभ्यासक्रम कोणत्या सत्रापासून ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीनं चालवायची परवानगी आहे याची यादी देतो. तीन गोष्टी जुळायला हव्यात: विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नेमकं नाव आणि सत्र. विद्यापीठाला बी.बी.ए.ची परवानगी आहे म्हणून त्याचं एम.सी.ए.ही चालेल असं नसतं. गेल्या वर्षी परवानगी होती म्हणून यंदा आहेच असंही नसतं.

यादीत नाव असेल तर मनातली एक भीती काढून टाका. अशा ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवीला नेहमीच्या पदवीइतकाच दर्जा आहे, हे यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर सूचना काढून स्पष्ट केलं आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा. अभियांत्रिकीची बी.टेक. ऑनलाइन मिळत नाही, पीएच.डी.ही मिळत नाही. कुणी देतो म्हणालं तर बोलणं तिथेच थांबवा.

२०२४ पासून ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवीला प्रवेश घेण्यासाठी विद्यार्थ्याला ब्यूरोच्या संकेतस्थळावर स्वतःचा 'डेब आयडी' काढावा लागतो. त्याआधी शैक्षणिक क्रेडिट बँकेचा, म्हणजे एबीसीचा आयडी लागतो. तो डिजिलॉकरवरून निघतो. हे दोन्ही फुकट आहे आणि घरून होतं. दलालाला पैसे देऊ नका. हे स्वतः करताना त्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव शोधावं लागतं, म्हणजे मान्यतेची पडताळणीही त्याच बैठकीत उरकते.

आता पर्याय. मराठीतून पदवी हवी असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहेच. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद गावोगावच्या अभ्यासकेंद्रांमुळे खरं झालं आहे. तिथलं शिक्षण दूरस्थ पद्धतीचं आहे: पुस्तकं घरी, सत्रं केंद्रावर. ज्याला संपूर्ण मराठी माध्यम हवं आहे आणि समोर माणूस हवा आहे त्यानं आधी तिकडे चौकशी करावी. इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, पसारा देशभर आहे, आणि तिथली बरीच पाठ्यपुस्तकं 'ई-ज्ञानकोश' या संकेतस्थळावर कुणालाही वाचायला खुली आहेत. मुंबई विद्यापीठाचंही दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाचं केंद्र आहे, पूर्वी लोक त्याला 'आयडॉल' म्हणायचे.

संगणकाकडे ओढा असेल तर आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी गंभीरपणे बघा. ती २०२० मध्ये सुरू झाली. जेईईची अट नाही, वयाची नाही. बारावी उत्तीर्ण आणि दहावीला गणित व इंग्रजी असलं की अर्ज करता येतो. प्रवेशाची पद्धत मला विशेष आवडते. आधी चार आठवडे गणित, संख्याशास्त्र, इंग्रजी आणि संगणकीय विचारपद्धती हे विषय ते स्वतः शिकवतात, स्वाध्याय घेतात आणि मग त्यावरच केंद्रावर परीक्षा. जे शिकवलंच नाही ते विचारत नाहीत. पुढे फी विषयागणिक भरायची असते आणि कमी उत्पन्न व राखीव प्रवर्गांसाठी ७५ टक्क्यांपर्यंत सवलत आहे. मध्येच थांबावं लागलं तर पायाभूत टप्प्यानंतर प्रमाणपत्र, त्यापुढे पदविका, असं काहीतरी हातात राहतं. पण गणिताची भीती असेल तर ती आधी घालवा. इथे गणित टळत नाही.

४. नावाचा घोळ आधी निस्तरा

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण महाराष्ट्रातल्या मुलांना ती हमखास आडवी येते. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर बहुतेकांचं नाव आधी आणि आडनाव शेवटी असतं. एबीसी आयडी आधारवरून निघतो, प्रवेश गुणपत्रिकेवरून होतो आणि दोन्हीकडचं नाव जुळलं नाही की क्रेडिट अडकून बसतात. लग्नानंतर आधारवर नाव बदललेल्या बायकांना हा त्रास सर्वांत जास्त होतो.

अर्ज भरण्याआधी गुणपत्रिका, आधार आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवून स्पेलिंग ताडून पाहा. नुसता क्रम वेगळा असेल तर विद्यापीठाच्या मदतकक्षाला ईमेल करून कोणतं नाव धरायचं ते लेखी विचारा. नावच बदललेलं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत तयार ठेवा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हेही बघा. ओटीपी तिथेच येतो.

५. पैसे भरताना

फी विद्यापीठाच्याच खात्यात, विद्यापीठाच्याच संकेतस्थळावरून भरा. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवीचं काम दुसऱ्या कुणाला फ्रँचायझीवर द्यायला विद्यापीठांना मनाई आहे. 'आज रात्रीपर्यंत भरले तर सूट' असा फोन आला की समजावं, समोरचा विक्रीसाठी बसलाय.

'नो कॉस्ट ईएमआय' म्हणून जे देऊ करतात ते पुष्कळदा वित्तसंस्थेकडून तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. कोर्स सोडला तरी कर्ज आपोआप सुटत नाही, हप्ते जात राहतात आणि थकले तर सिबिल बिघडतं. ओटीपी सांगण्याआधी कर्जाचा करार मागून घ्या, तो आईवडिलांना किंवा बँकेत काम करणाऱ्या नातेवाइकाला दाखवा. फी परताव्याचे नियम लेखी मागा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तक्रार नोंदवता येते.

६. प्रोग्रॅमिंग: हात काळे करायची तयारी ठेवा

या विषयात शिकण्याचं साहित्य इतकं चांगलं आणि इतकं फुकट आहे की सुरुवातीलाच पैसे घालवणं मला पटत नाही. मात्र मोबाइलवर भागत नाही. जुना चालेल, पण कीबोर्ड असलेला संगणक हवा. ८ जीबी रॅमचा वापरलेला लॅपटॉप शिकण्यापुरता छान चालतो. तोही नसेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्राउझर उघडून 'गूगल कोलॅब'वर पायथन लिहिता येतं, काही बसवावं लागत नाही.

अगदी नवख्यानं आयआयटी रोपारच्या सुदर्शन अय्यंगार यांच्या 'द जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथन' या एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या कोर्सपासून सुरुवात करावी. भीती मोडण्यासाठी तो चांगला आहे. थोडं येत असेल तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा पायथनमधून डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम (माहिती मांडण्याच्या आणि प्रश्न सोडवण्याच्या पद्धती) शिकवणारा आठ आठवड्यांचा कोर्स घ्या. तो घाम काढतो, पण त्यानंतर मुलाखतीतले प्रश्न परके वाटत नाहीत. परदेशी कोर्समध्ये हार्वर्डचा डेव्हिड मेलन शिकवतात तो 'सीएस-५०' पाहा. 'स्क्रॅच' या चित्रांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या भाषेपासून सुरू होऊन सी, पायथन, एसक्यूएल असा तो पुढे जातो. व्हिडिओ, गृहपाठ सगळं फुकट आहे आणि गृहपाठ नीट पूर्ण केल्यास हार्वर्डकडून मिळणारं साधं प्रमाणपत्रही फुकट आहे. पैसे लागतात ते 'एडएक्स' या कोर्सच्या संकेतस्थळाच्या पडताळणी केलेल्या प्रमाणपत्राला.

इंग्रजी अडत असेल तर आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प तुमच्यासाठीच आहे. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या या प्रकल्पात दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत आणि सी, सी++, लिब्रेऑफिस असे अनेक विषय मराठी आवाजात ऐकायला मिळतात. पाठाचा मराठी मजकूरही वाचता येतो. त्यांची शिकवण्याची रीत अशी की अर्ध्या पडद्यावर पाठ आणि अर्ध्या पडद्यावर तुमचं काम. पाहत पाहत तेच टाइप करायचं. कोणताही कोर्स शिकताना हीच रीत ठेवा.

एनपीटीईएलच्या प्रोग्रॅमिंग स्वाध्यायांत तुमचा कोड काही उघड आणि काही झाकलेल्या उदाहरणांवर चालवून तपासला जातो. उघड उदाहरणांना उत्तर बरोबर येतं आणि झाकलेल्यांना येत नाही, असं झालं की मुलं वैतागतात. हीच या कोर्सची खरी शिकवणी आहे. शून्य दिलं तर काय होईल, यादी रिकामी असेल तर काय, आकडा फार मोठा आला तर काय, असा विचार करायची सवय इथे लागते. अशा वेळी चॅटबॉटकडून तयार उत्तर घेतलं तर आठवड्याचे गुण मिळतील, पण शिकायचं होतं ते हातचं जाईल आणि परीक्षा केंद्रावर तो सोबतीला नसेल. आधी स्वतः झगडा, मग त्याला फक्त एवढं विचारा की ही एरर का येते. दुरुस्ती स्वतः करा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून स्वतःचं काहीतरी बांधायला घ्या. परदेशी उदाहरणांतल्या पिझ्झाच्या ऑर्डरीऐवजी घरातलं काम शोधा. आईच्या बचत गटाचा हिशेब घ्या: दहा-पंधरा बायका, महिन्याची वर्गणी, कुणाला किती कर्ज, किती व्याज. किंवा डेअरीला दूध जातं त्याचं बिल: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) टाकलं की रक्कम यावी. पायथन देवनागरी अक्षरं व्यवस्थित दाखवतो, त्यामुळे पावती मराठीत छापता येते. असा एक प्रोग्रॅम घरात रोज वापरला गेला की त्यात कुठे काय चुकतं हे वापरणारी माणसंच सांगतात, आणि तुम्हाला आयता परीक्षक मिळतो.

७. व्यवसाय आणि हिशेब

या विषयाला व्हिडिओ ऐकून काम भागतं असं वाटतं, कारण त्यातलं सगळं ओळखीचं वाटतं. म्हणूनच सुरुवात मार्केटिंगपासून न करता हिशेबापासून करा. तिथे चूक लपत नाही. 'स्वयम्'वर आयआयएम बंगळुरूचे हिशेब, मार्केटिंग, व्यवस्थापकीय अर्थशास्त्र अशा विषयांवरचे कोर्स आहेत. सोबत ई-ज्ञानकोशावरची बी.कॉम.ची पुस्तकं ठेवा.

आणि एक खरं दुकान समोर घ्या. काकांचं किराणा दुकान, मामांचं गॅरेज, जे असेल ते. त्यांची परवानगी घेऊन एका महिन्याची बिलं, उधारीची वही आणि बँकेचं स्टेटमेंट यांवरून रोजकीर्द (जर्नल), खतावणी (लेजर) आणि तेरीज (ट्रायल बॅलन्स) कागदावर तयार करा. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर नंतर शिका, आधी हातानं. नावे आणि जमा जुळेपर्यंत उठू नका. उधारीवर दिलेला माल आणि गल्ल्यातली रोकड यांतला फरक एकदा स्वतःच्या आकड्यांत पाहिला की नफा दिसतो पण पैसे का नसतात, हे पक्कं समजतं. पुढच्या टप्प्यावर भारत फोर्जसारख्या ओळखीच्या कंपनीचा वार्षिक अहवाल उतरवून घ्या. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांचे अहवाल सर्वांना खुले असतात. रोख प्रवाहाच्या पानापासून वाचायला लागा.

८. व्यावसायिक लेखन: वाचक शोधा, मग कोर्स

सर्वांत जास्त काळजी इथे घ्यावी लागते. हजारो विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन कोर्समध्ये परीक्षा बहुधा पर्यायी प्रश्नांची असते. चार वाक्यांतलं बरोबर वाक्य ओळखता येणं आणि तसं वाक्य लिहिता येणं यात फार अंतर आहे. लेखनाच्या कोर्समध्ये ९० टक्के मिळवूनही साधा रजेचा अर्ज नीट लिहिता न येणं सहज शक्य आहे.

तरीही पाया म्हणून आयआयटी रुरकीच्या बिनोद मिश्रा यांचा 'इफेक्टिव्ह रायटिंग' हा चार आठवड्यांचा कोर्स करा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाची 'ऑनलाइन रायटिंग लॅब' कुणालाही खुली आहे. पत्रं, अहवाल, बायोडेटा यांचे नमुने आणि नियम तिथे भरपूर आहेत. सॉफ्टवेअर क्षेत्रात लिहायचं असेल तर गूगलचा तांत्रिक लेखनाचा कोर्स फुकट आहे आणि थोडक्यात पुष्कळ देतो.

मग खरं काम. दोघा-तिघांचा गट करा आणि दर आठवड्याला एक पान लिहून एकमेकांना द्या. विषय कामातलेच असू द्यात: ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त, पाच ओळींत विनंतीचा ईमेल, एखादं यंत्र चालवायच्या सूचना. वाचणाऱ्यानं 'छान आहे' म्हणायचं नाही. त्यानं दोनच गोष्टी सांगायच्या: मी काय करावं असं या पत्रात म्हटलंय, आणि कुठल्या ओळीवर मला मागे जाऊन परत वाचावं लागलं. सूचनांचं पान असेल तर वाचून दाखवू नका, हातात द्या आणि समोरच्याला ते काम करू द्या. तो जिथे अडेल तिथे तुमचं वाक्य चुकलंय.

मराठीतूनही हा सराव करा. मराठीत मुद्दा सरळ मांडता येत नसेल तर तो इंग्रजीत गेल्यावर सरळ होत नाही. शिवाय बँका, विमा कंपन्या, सरकारी योजना, शेतीची अॅप्स या सगळ्यांना सामान्य माणसाला कळेल अशी मराठी लिहिणारी माणसं लागतात. आजही कित्येक अॅपमधली मराठी वाचवत नाही. या कामाला पदवीपेक्षा नमुने महत्त्वाचे असतात. तुमची आठ-दहा चांगली पानं एका फाइलमध्ये नीट लावून ठेवा. तीच दाखवायची.

९. वेळापत्रक आपल्या वर्षाप्रमाणे बसवा

बारा आठवड्यांच्या कोर्सला आठवड्याचे साधारण अडीच ते तीन तासांचे व्हिडिओ असतात. स्वाध्याय आणि वाचन धरून सहा तास धरा, प्रोग्रॅमिंगला आठ. रविवारी एकदम आठ तास बसू म्हणणारे टिकत नाहीत. रोज पहाटे किंवा रात्री एक तास, आणि सुट्टीच्या दिवशी दोन, ही विभागणी चांगली.

जुलैच्या सत्रात गणपती, नवरात्र आणि दिवाळी येतात आणि परीक्षाही दिवाळीच्या आगेमागे असते. जानेवारीच्या सत्रात बँक-पतसंस्थेतल्या लोकांचा मार्चअखेर, शिक्षकांच्या बोर्ड परीक्षा आणि बागायतदारांची तोड येते. तुमचं कोणतं सत्र मोकळं आहे ते बघून कोर्स घ्या. सणाच्या आठवड्याचा स्वाध्याय आधीच उरकून ठेवा. शेवटच्या तारखेच्या एक दिवस आधी भरायची सवय ठेवा, कारण वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा शेवटच्या तासाला नसतो. व्हिडिओ कॉलेजच्या किंवा वाचनालयाच्या वायफायवर उतरवून घ्या.

भाषेचं ओझं हलकं करण्यासाठी व्हिडिओचा वेग पाऊणपट ठेवा आणि खाली अक्षरं चालू करा. एनपीटीईएलच्या बऱ्याच कोर्सचे मजकूर मराठीत भाषांतरित झालेले आहेत. कोर्सच्या पानावर शोधा. टिपणं मराठीत काढा, संज्ञा मात्र इंग्रजीच ठेवा, कारण परीक्षेत त्या तशाच येतात. अडलं तर चर्चा-मंचावर विचारा. प्रश्न असा लिहा: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. असा प्रश्न लिहितानाच निम्म्या वेळा उत्तर सापडतं.

१०. परीक्षा आणि त्यानंतरचे कागद

हॉल तिकीट आलं की त्यावरचं नाव, फोटो आणि केंद्राचा पत्ता त्याच दिवशी तपासा. मूळ ओळखपत्र न्या. मोबाइलमधला फोटो चालत नाही. केंद्र पुण्या-नागपूरला पडलं आणि सकाळचं सत्र असेल तर आदल्या रात्री तिथे पोचा.

निकालानंतर प्रमाणपत्र लगेच उतरवून घ्या आणि क्रेडिट एबीसी खात्यात जमा झालीत का ते बघा. ती आपोआप दिसली नाहीत तर कॉलेजच्या परीक्षा विभागाला लेखी कळवा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. त्या सत्रातला कोर्सचा आठवडानिहाय अभ्यासक्रम पीडीएफ करून प्रमाणपत्रासोबत ठेवा. पुढे दुसऱ्या विद्यापीठात क्रेडिट वर्ग करताना तो हमखास मागतात आणि तोवर संकेतस्थळावरचं पान बदललेलं असतं. प्रोग्रॅम लिहिले असतील तर ते 'गिटहब' या प्रोग्रॅम साठवून इतरांना दाखवायच्या संकेतस्थळावर टाका आणि प्रत्येकासोबत तो काय करतो, कसा चालवायचा हे दहा ओळींत लिहा, एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत.